सात्या आणि समदृष्टी



गेल्या पावसाळ्यात आमच्या लाखनी तालुक्यातल्या एका गावी सप्ताह होता. संध्याकाळचा हरिपाठ झाला, टाळ खाली ठेवले, आणि कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने मला विचारले, "महाराज, विठ्ठल सगळ्यांत आहे असं तुम्ही सांगता. म्हणजे विषारी सात्यांतही आहे. मग त्या भाजीत टाकल्या तर बिघडलं कुठं?" दोघे-तिघे हसले. एका म्हाताऱ्या विणेकऱ्याने त्याला दटावले. मला मात्र ती थट्टा वाटली नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका घरची माणसे रानातल्या सात्या खाऊन दवाखान्यात गेली होती, आणि ते त्या मुलाला ठाऊक होते. पूर्वपक्ष पक्का असला की उत्तरपक्षालाही कमरेला उपरणे बांधावे लागते. तेव्हा वेळ थोडा होता. जे अर्धे राहिले ते इथे तुमच्यापुढे ठेवतो.

देशावरच्या आणि मराठवाड्यातल्या वाचकांसाठी आधी सात्या म्हणजे काय ते सांगतो. मृग-आर्द्राचे पाणी जमिनीत मुरले, मध्येच उघडीप पडून उकाडा झाला, की रानात वारुळांच्या अंगाखांद्यावर पांढुरक्या छत्र्या एका रात्रीत उभ्या राहतात. आमच्या झाडीपट्टीत त्यांना सात्या म्हणतात, विदर्भात इतरत्र टेकोडे, घाटावर अळंबी, गोव्यात अळमी. वाळवी लाकूड-पाचोळा पोटात घालून वारुळात एक बुरशी जोपासते आणि तिच्यावर जगते. पावसात त्याच बुरशीला जे फळ धरते ते म्हणजे ही सात्या. रोवणीच्या दिवसांत, बांध्या पाण्याने भरलेल्या आणि घरातले पैसे मजुरीत गेलेले असतात तेव्हा, ही रानाची भाजी गरिबाच्या चुलीवर शिजते. बाजारात आली तर मात्र तिचा भाव ऐकून गरीब माणूस टोपली उचलून पुढे जातो.

माळकऱ्याने ती खावी का, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. मनुस्मृतीत लसूण, कांदा यांच्याबरोबर कवक, म्हणजे हीच छत्री, द्विजांना वर्ज्य सांगितली आहे. कुणाच्या घरी त्यामुळे चालत नाही, तर कुणाच्या घरी श्रावणात तिचीच वाट पाहतात. ज्याच्या घरी जी रीत चालत आली ती त्याने पाळावी, एवढेच माझे म्हणणे. त्यावर वाद घालून पंगत उठवू नये. आजचा प्रश्न वर्ज्य-अवर्ज्याचा नाही, तो जीव घेणाऱ्या छत्रीचा आहे.

तर त्या मुलाचा प्रश्न. विठ्ठल त्या विषारी छत्रीत आहे का? आहे. मी ते पातळ करून सांगणार नाही. युरोपातल्या डोंगरांत ओक आणि बीच नावाच्या झाडांची दाट राने आहेत. तिथे त्या झाडांच्या मुळांशी जगातली सर्वांत घातक छत्री उगवते. तिला ते लोक डेथ कॅप, म्हणजे मरणाची टोपी, म्हणतात. तिचे सुतासारखे तंतू जमिनीखाली झाडाच्या मुळांना वेढून असतात. ते झाडाला पाणी आणि क्षार आणून देतात, झाड त्यांना आपल्या पानांत तयार झालेली साखर देते. झाडाला विचाराल तर ती त्याची सखी आहे. माणसाने अर्धी टोपी खाल्ली तरी जीव जाऊ शकतो, पण तिने त्याला बोलावले नव्हते. तिच्या ठिकाणी ती आपले काम नेमाने करते आहे. तिथे विठ्ठल नाही म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पण शास्त्राने ज्ञात्याला समदर्शी म्हटले आहे. त्या शब्दात दर्शन आहे, वर्तन नाही. सर्वत्र एक पाहावे, आणि ज्याच्याशी जसे वागायला हवे तसे वागावे. हे आपल्या घरोघरी चालतेच. धोतऱ्याचे फळ आपण महादेवाला वाहतो. रुईच्या पानांची माळ मारुतीच्या गळ्यात घालतो. कण्हेरीची फुले तर रोज देव्हाऱ्यात असतात. तिन्ही विषारी. त्यांना देवाच्या माथ्यावर जागा दिली, पण आजवर कुठल्या आजीने धोतऱ्याची चटणी वाटली नाही. धोतऱ्याचा तिने अपमान केला असे कुणी म्हणेल का? तिने त्याला ओळखले, आणि ओळखून त्याच्या जागी ठेवले. त्या मुलाला मी तेव्हा एवढेच सांगितले आणि तो समाधानाने गेला. मी मात्र घरी आल्यावर विचार करत राहिलो, कारण धोतरा ओळखणे सोपे आहे. त्याच्या काटेरी फळासारखे खाण्यातले दुसरे फळ नाही. सात्या आणि तिच्यासारखी दिसणारी विषारी छत्री शेजारी ठेवल्या, तर कुणाला माथ्यावर आणि कुणाला ताटात ठेवायचे हे ठरवायचे कसे?

इथे आपल्या लोकांत ज्या परीक्षा चालतात त्या एकदा नीट पाहू. भाजीत चांदीचे नाणे टाका, काळे पडले तर विषारी. लसूण टाका, रंग बदलला तर विषारी. तांदूळ टाकून पाहा. किड्याने, गोगलगाईने खाल्लेली असेल तर माणसालाही चालते. उकळून पाणी फेकले की विष जाते. उन्हात वाळवली की जाते. मी स्वतः या सगळ्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत, प्रेमाने सांगितलेल्या. एकही खरी नाही. मरणाच्या टोपीतल्या विषाने चांदी काळी पडत नाही. ते शिजवून, उकळून, वाळवून जात नाही. गोगलगाय ती छत्री खुशाल खाते आणि चालू लागते, कारण तिचा देह वेगळा आहे. चव वाईट लागेल म्हणावे, तर जगलेल्या माणसांनी सांगितले आहे की चव छान होती.

या परीक्षांचा दोष एवढाच नाही की त्या खोट्या आहेत. त्या माणसाला निर्धास्त करतात. नाणे पांढरे राहिले की शंका मेली, आणि शंका मेली की ताट वाढले. बुवांच्या बाबतीतही हेच होते, माउली. टिळा उभा आहे, आवाज गोड आहे, माळ मोठ्या मण्यांची आहे, म्हणजे महाराज खरे. आपण चांदीचे नाणे टाकून मोकळे होतो. असो, तो विषय दुसऱ्या लेखाचा.

खरी परीक्षा आहे, पण ती वरून होत नाही. मरणाच्या टोपीची मुख्य खूण देठाच्या बुडाशी, मातीत असते. लहानपणी ती सगळी एका पांढऱ्या पिशवीत, अंड्यासारखी, बंद असते. वाढताना पिशवी फाटते आणि तिचा पेला बुडाशी मातीत राहून जातो. वर देठाला झालरीसारखे कडे असते, आणि छत्रीच्या पोटाचे पापुद्रे पांढरे असतात. जो माणूस छत्री वरच्या वर खुडतो किंवा विळ्याने कापतो, तो नेमकी ती खूण मातीत ठेवून घरी येतो. वारुळावरच्या सात्याचेही तसेच. तिच्या देठाला मुळासारखी लांब शेपटी असते, ती खोल वारुळातल्या त्या बुरशीपर्यंत गेलेली असते. वर मध्यभागी टोक असते. जाणती माणसे छत्री कागदावर रात्रभर पालथी ठेवून तिची पडलेली भुकटीही पाहतात. सात्याची भुकटी गुलाबीसर पडते, मरणाच्या टोपीची पांढरी. आणखी एक मोठी पांढरी छत्री आपल्या माळांवर, गवतात उगवते. तिचे पापुद्रे आधी पांढरे असतात आणि पिकल्यावर हिरवट होतात. तिने सहसा जीव जात नाही, पण दोन-तीन तासांत अशा उलट्या-जुलाब होतात की लहान मूल आणि म्हातारे माणूस हातचे जायची वेळ येते.

हे वाचून मात्र कुणी रानात जाऊ नये. मी वाचलेले आणि जाणत्यांकडून ऐकलेले सांगतो आहे. कागदावरून ताल शिकता येत नाही, आणि हे त्याहून कठीण आहे. भारतातही त्याच विषारी कुळातल्या छत्र्या आहेत, आणि सगळ्यांच्या खुणा अशा ठळक नसतात.

लाखनीच्या बाजारात सात्या घेऊन बसणारी एक म्हातारी होती. तिला मी एकदा विचारले, "माय, विषारी कोणती हे तू कसं ओळखतेस?" ती म्हणाली, "विषारी मी नाई ओरखत, महाराज. मायनं जी दाखवली तेच ओरखतो. बाकीच्याले हात नाई लावत." मी पन्नास वर्षे विवेकावर बोललो, पण विवेकाची इतकी नेमकी व्याख्या माझ्या तोंडून आली नव्हती. जगातली सगळी विषे ओळखण्याचा तिचा दावाच नाही. तिला एक गोष्ट शेंड्यापासून मुळापर्यंत ठाऊक आहे, ती कुणी दाखवली ते ठाऊक आहे, कुठल्या वारुळावर कुठल्या नक्षत्रात येते ते ठाऊक आहे. त्यापलीकडे आपली ओळख संपते, हेही तिला ठाऊक आहे. परंपरा म्हणतात ती हीच.

आणि ही ओळख त्या रानापुरती असते. माणूस गाव सोडून जातो तेव्हा डोळे बरोबर नेतो, पण रान बदललेले असते. २०१२ साल उजाडताना ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा शहरात दोन माणसे मरणाची टोपी खाऊन गेली. त्यांतला एक तर स्वयंपाकी होता, चीनमधून आलेला. तिकडच्या देशांत भाताच्या तणसावर येणारी अळंबी आवडीने खातात, तिलाही बुडाशी पेला असतो, आणि कोवळेपणी दोघींचे रूप मिळतेजुळते. मरणाची टोपी ही मूळ ऑस्ट्रेलियाची नव्हेच, ती युरोपातून नेलेल्या ओकच्या झाडांबरोबर तिथे गेली. म्हणजे छत्री परकी, खाणाराही परका. एप्रिल २०२२ मध्ये आपल्या आसामात रानातल्या अळंब्या खाऊन १३ जण गेले, बहुतेक चहाच्या मळ्यांतली माणसे. या मळेवाल्या मजुरांचे पूर्वज इंग्रजांच्या काळात झारखंड, ओडिशा, मध्य भारतातल्या रानांतून तिकडे नेलेले. आमच्या झाडीपट्टीच्या शेजारचीच राने ती. आजीने दाखवलेली छत्री त्यांच्यापैकी कुणाच्या मनात असेल का, असे मला ते वाचताना वाटून गेले. पण भूक हेही एक कारण असते. पोट भरलेल्याने त्यांना शहाणपण शिकवू नये.

आपणही आषाढात गाव सोडून चालतो. नेमका तोच पावसाचा हंगाम. झाडीपट्टीचा वारकरी घाटातल्या गवतात पांढरी छत्री पाहतो आणि म्हणतो, ही तर आमची सात्या! माउली, ती तुमची नाही. तुमची तुमच्या वारुळावर राहिली.

गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. संतमंडळी जमली होती, मुक्ताबाईने विचारले यातली भाजलेली मडकी किती, आणि काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर वाजवले. नामदेवराय रागावले आणि कच्चे ठरले. ही गोष्ट सांगताना आपण नामदेवांच्या अहंकारावर थांबतो. मला काकांच्या हाताकडे पाहावेसे वाटते. मुक्ताबाईने थापटणे ज्ञानदेवांच्या हाती दिले नाही, निवृत्तिनाथांच्याही नाही. ज्याने आयुष्यभर मडकी वाजवली त्याच्या हाती दिले. तिथे ब्रह्मज्ञान्यांची सभा बसली होती, तरी मडक्याची परीक्षा कुंभाराकडेच गेली. तर मग गावातल्या सात्यांची परीक्षा महाराजांकडे का यावी? मला लोक टोपली दाखवून विचारतात, "महाराज, आशीर्वाद द्या, खाऊ ना?" मी सांगतो, ज्या माणसाने ती खणून काढली त्याला विचारा. त्याच्या मनात तिळभर शंका असेल तर टोपली उकिरड्यात पालथी करा, जनावर जाणार नाही अशा जागी.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचा जो भाग मला जास्त खुपतो त्याकडे येतो. कुणी म्हणेल, मीराबाईने विषाचा पेला घेतला आणि तिला काही झाले नाही. मग नैवेद्य दाखवून, नाम घेऊन आम्ही सात्या खाल्ल्या तर विठ्ठल सांभाळणार नाही का? ही शंका भाविकाची आहे, टवाळाची नाही, म्हणून तिला आदराने उत्तर द्यायला हवे. मीराबाईने तो पेला स्वतः भरला नव्हता. आणि मुख्य म्हणजे, तो तिने दुसऱ्या कुणाला वाढला नाही. महादेवाने हलाहल घेतले, तेही आपल्या कंठात ठेवले. भक्ताने स्वतःचा जीव देवावर टाकावा, तो त्याचा अधिकार आहे. शेजारी पानावर बसलेल्या लेकराचा जीव टाकण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? पंगतीत बसणारा माणूस पदार्थाची परीक्षा करत नाही. तो वाढणाऱ्याच्या हातावर विश्वास ठेवून घास उचलतो, डोळे मिटून हरीचे नाव घेतो. हजार माणसांची पंगत त्या एका विश्वासावर उठते. म्हणून ज्याच्या हाती पळी आहे त्याने श्रद्धेची भाषा बोलू नये. त्याने माहीत आहे किंवा माहीत नाही, एवढेच बोलावे. दिंडीतल्या आचाऱ्याला मी हे सांगत आलो आहे आणि तो वैतागत आला आहे.

कुणाच्या घरी झालेच, तर काय करायचे ते सांगून ठेवतो, कारण इथे अज्ञान फार महाग पडते. मरणाच्या टोपीच्या जातीचे विष लगेच बोलत नाही. सहा तास, बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब लागतात. त्यानंतर एक दिवस बरे वाटते, आणि घरचे म्हणतात उतरले, नारळ फोडा. तेव्हा आत यकृत जळत असते. दोन दिवसांनी डोळे पिवळे होतात, आणि मग डॉक्टरांच्या हातीही थोडेच उरते. म्हणून ज्यांनी ज्यांनी ते खाल्ले त्या सगळ्यांना, बरे वाटत असले तरी, लगेच १०८ ला फोन करून मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यावे. उरलेली छत्री, सोललेली साले, भांड्यातली भाजी, जे असेल ते कागदात गुंडाळून बरोबर न्यावे. मीठपाणी पाजणे, ताक पाजणे, मांत्रिक, यांत एक तासही घालवू नये. भंडाऱ्याला पोचल्यावर हवा तेवढा नामजप करावा, तिथे त्याला कुणी अडवत नाही.

आणखी एक गोष्ट उरली. अशा घरात भाजी बहुधा आईने शिजवलेली असते. तिने आधी मुलांना वाढलेले असते, मग नवऱ्याला, आणि शेवटी खरडून उरलेले स्वतः खाल्लेले असते. म्हणून ती जगते.

अशा एका घरी तेरवीला मला बोलावले होते. गावाचे नाव सांगत नाही. सात वर्षांचा मुलगा गेला होता. अंगणात माणसे बसली होती आणि ती बाई आतल्या दाराशी, भिंतीला टेकून. तिच्याशी कुणी बोलत नव्हते, शिव्याही देत नव्हते. प्रवचनात मी बुद्धाची गोष्ट सांगितली. वारकऱ्याच्या तोंडी बुद्ध कसा, असे कुणी विचारू नये. आपल्या संतांनी विठ्ठलाला बौद्ध रूपात पाहिले आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात पवनीला जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत. पावा गावच्या चुंद नावाच्या लोहाराने बुद्धाला जेवायला बोलावले. ताटात सूकरमद्दव नावाचा पदार्थ होता. ते डुकराचे कोवळे मांस होते, की डुकरांनी तुडवलेल्या जागी उगवलेली छत्री होती, यावर जुन्या टीकाकारांतही मतभेद आहेत. बुद्धाने चुंदाला सांगितले, हे फक्त मला वाढ, इतर भिक्षूंना वाढू नकोस, आणि उरलेले खड्ड्यात पुरून टाक. जेवणानंतर त्याला भयंकर दुखणे लागले, आणि पुढे कुशीनगरला त्याने देह ठेवला. जाण्याआधी त्याने आनंदाला जवळ बोलावून निरोप दिला, तो चुंदासाठी. त्याला कुणी दोष देईल, तो स्वतः मनाला लावून घेईल, त्याला सांगा की बोध होण्याआधी मिळालेले अन्न आणि हे शेवटचे अन्न, दोन्हींचे पुण्य सारखे आहे.

प्रवचन संपले. माणसे उठायला लागली. ती बाई दारातूनच म्हणाली, "महाराज, उरलेलं पुरायला सांगितलं त्यानं. म्हणजे त्याले मालूम होतं. मंग खाल्लं कायले?"

मी म्हटले, "माय, समोरच्यानं हातानं करून आणलं होतं. परत कसं करावं?"

ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग उठून आत गेली आणि तिने चुलीवर चहा मांडला. त्या दिवसापासून तिच्या हातचे घरात कुणी काही घेतले नव्हते. ताटलीत सात-आठ कप घेऊन ती बाहेर आली. पहिला मी उचलला, दुसरा तिच्या सासऱ्याने.